‘क्लोजिंग’च्या आधीचे तीन दिवस

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या घरविषयक पुरवणीत महारेरा, मुद्रांक शुल्क, सोसायटीचे अभिहस्तांतरण यांवर नेमाने लिहिले जाते. मी त्याची कात्रणे काढून ठेवते. पण गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीच्या पाच-सहा कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी ज्या घरांत गेली, ती घरे इथली नाहीत, अमेरिकेतली आहेत. मुलगा किंवा मुलगी तिकडे घर घेते, सुरुवातीच्या रकमेला थोडे कमी पडतात, मग आईवडील मुदतठेवी मोडून पैसे पाठवतात. त्या घराच्या कागदांत काय लिहिले आहे हे पैसे देणाऱ्याला ठाऊक नसते. सही करणाऱ्यालाही पुष्कळदा नसते. त्याबद्दल हे पत्र.

मी नाशिकच्या एका सहकारी बँकेत कर्ज विभागात एकतीस वर्षे नोकरी केली. गहाणखत, सर्च रिपोर्ट, सातबाऱ्यावरचा बोजा यांतच माझी नोकरी गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये मुलगी-जावयांनी टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळच्या केटी भागात, नव्याने बांधलेले घर घेतले तेव्हा मी आणि माझे यजमान तिथेच होतो. मुलगी म्हणाली, “आई, तू एकदा कागद बघ ना.” कर्जाचेच कागद, त्यात आपल्याला काय नवे, असे वाटून मी ते बघितले. व्याजदर साडेसहा टक्के, मुदत तीस वर्षे, दर कायम स्थिर. चार लाख डॉलर कर्जावर मुद्दल आणि व्याज मिळून २,५२८ डॉलरचा हप्ता. मी स्वतः गणित करून ताडून पाहिला, तो अगदी बरोबर होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुलीचा फोन आला. पुढच्या महिन्यापासून दरमहा दीड हजार डॉलर जास्त भरायचे होते.

व्याजदर स्थिर असताना हप्ता वाढतोच कसा, हे कळायला मला दोन रात्री लागल्या. आपल्याकडे गृहकर्जाचा हप्ता म्हणजे मुद्दल आणि व्याज. घरपट्टी आपण महापालिकेत वेगळी भरतो, विमा घेतलाच तर तोही वेगळा. तिकडे बहुतेक कर्जांत महिन्याच्या रकमेचे चार भाग असतात: मुद्दल, व्याज, मालमत्ता कर आणि घराचा विमा. शेवटचे दोन भाग कर्ज देणारी संस्था दरमहा वसूल करून एका खात्यात साठवते आणि मुदत आली की कर व विमा परस्पर भरते. या खात्याला ‘एस्क्रो’ म्हणतात. घोटाळा वाढवणारी गोष्ट अशी की, घर पसंत केल्यावर दिलेला बयाणा मालकीचे दस्त तपासणाऱ्या टायटल कंपनीकडे तिऱ्हाईत म्हणून ठेवतात, त्यालाही ‘एस्क्रो’च म्हणतात, आणि सह्या घेणाऱ्या बाईंचा हुद्दाही ‘एस्क्रो ऑफिसर’. तो शब्द घर घेतानाच्या त्या आठवड्यात मी पन्नासदा ऐकला असेल आणि प्रत्येक वेळी बयाण्याबद्दलच बोलत आहेत असे समजत राहिले.

आता मूळ मुद्दा. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, पण मालमत्ता कर जबर आहे. घराचे मूल्य दरवर्षी १ जानेवारीला ते ज्या स्थितीत असेल तसे धरतात. आमच्या मुलीच्या जागेवर १ जानेवारी २०२३ ला नुसती माती होती. त्यामुळे त्या वर्षीचा कर मोकळ्या प्लॉटचा निघाला, आणि त्या बिलाच्या आधारे एस्क्रोत दरमहा १७० डॉलर धरले गेले. पुढच्या १ जानेवारीला तिथे चार खोल्यांचे घर उभे होते. त्या वर्षीचे बिल आले ११,०४० डॉलरचे. खात्यात त्यासाठी जमले होते जेमतेम २,०४०. उरलेले ९,००० कर्जसंस्थेने भरले आणि ते बारा महिन्यांत वसूल करायला काढले: दरमहा ७५०. शिवाय पुढच्या वर्षी कमी पडू नये म्हणून मासिक कर १७० वरून ९२० केला, म्हणजे आणखी ७५०. झाले दीड हजार. त्यांतले निम्मे वर्षभराने गेले, निम्मे कायमचे राहिले.

केटीसारख्या नव्या वसाहतींत आणखी एक कर असतो. पाणी, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा निचरा यांच्या सोयीसाठी ‘म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट’ कर्जरोखे काढते आणि ते फेडायला घरमालकांवर कर लावते. तिकडचे लोक त्याला ‘मड’ म्हणतात. त्याची लेखी सूचना खरेदीदाराला द्यावीच लागते, ती आम्हालाही दिली होती. गठ्ठ्यात होती. आम्ही वाचली नव्हती.

मुलगी त्या रात्री फोनवर रडली. त्याच आठवड्यात पाळणाघराची फी वाढली होती. मला सर्वांत जास्त बोचले ते हे की, विचारायचा प्रश्न एका ओळीचा होता: ‘एस्क्रोतला कराचा आकडा प्लॉटचा आहे की पूर्ण घराचा?’ मी शेतजमिनीवर घर बांधणाऱ्यांना कर्जे दिली आहेत, बिनशेती झाल्यावर आकारणी बदलते हे मला ठाऊक आहे. तरी मी विचारले नाही, कारण कागदावरचा प्रत्येक शब्द मला ओळखीचा वाटत होता.

हा प्रश्न विचारण्याची वेळ ठरलेली असते, आणि वाचकांना मला तीच सांगायची आहे. तिकडे व्यवहार पूर्ण होण्याला, म्हणजे सह्या, पैसे आणि किल्ल्या यांच्या देवघेवीला ‘क्लोजिंग’ म्हणतात. कर्जासाठी अर्ज केल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कर्जसंस्थेने ‘लोन एस्टिमेट’ हा तीन पानांचा अंदाज द्यायचा असतो. क्लोजिंगच्या निदान तीन कामकाजी दिवस आधी ‘क्लोजिंग डिस्क्लोजर’ हा पाच पानांचा अंतिम तपशील खरेदीदाराच्या हातात पडायला हवा. यात शनिवार धरतात, रविवार आणि संघीय सुट्ट्या धरत नाहीत. ऑक्टोबर २०१५ पासून सगळ्या देशात हे दोन्ही नमुने एकसारखे आहेत. ‘कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो’ या संघीय संस्थेने ते ठरवले, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीला ओळ जुळवता यावी अशीच त्यांची मांडणी आहे. मला त्या मांडणीचे फार कौतुक वाटते. असा एक कागद आपल्या गृहकर्जदारांना मिळाला असता तर माझ्या टेबलासमोर बसलेल्या कितीतरी माणसांचे भले झाले असते.

आमचे क्लोजिंग शुक्रवारी, २५ ऑगस्टला होते. पाच पानी कागद मंगळवारी ईमेलने आला. जावयांनी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोनवरच ‘मिळाले’ या बटणावर बोट ठेवले आणि घड्याळ सुरू झाले. त्या बटणाचा अर्थ फक्त पोच, संमती नव्हे. पण बटण दाबले की काम झाले असे वाटते. कागद आम्ही उघडला तो गुरुवारी रात्री, सामान बांधता बांधता. खरेदीच्या कर्जाला क्लोजिंगनंतर माघार घेण्याची मुदत नसते. ‘सही केल्यावर तीन दिवसांत रद्द करता येते’ असे तिकडच्या आपल्या मंडळींकडून मी अनेकदा ऐकले आहे. ती सवलत राहत्या घरावरचे जुने कर्ज दुसऱ्या संस्थेकडे फिरवताना किंवा त्या घरावर नवे कर्ज काढताना मिळते, घर विकत घेताना नाही. आहेत ते तीन दिवस आधीचेच.

त्या पाच पानांत कुठे बघायचे ते मी आता कोणालाही सांगू शकते. पहिल्या पानावर कर्जाच्या अटी, आणि त्याखाली कर, विमा धरून महिन्याला प्रत्यक्ष किती जाणार याचा तक्ता. दुसऱ्या पानावर सगळे खर्च. यांत एक नियम मोलाचा आहे. कर्जसंस्थेचे स्वतःचे शुल्क पहिल्या अंदाजापेक्षा मनाला येईल तसे वाढवता येत नाही; त्यासाठी कायद्यात मोजकीच कारणे आहेत. नोंदणीचे शुल्क आणि संस्थेने दिलेल्या यादीतून निवडलेल्या सेवांचे शुल्क मिळून दहा टक्क्यांपर्यंत वाढू शकते. मात्र विमा, आगाऊ व्याज आणि एस्क्रोत सुरुवातीला भरायची रक्कम यांना असे बंधन नाही. आम्हाला ज्या आकड्याने फसवले त्यावर कायद्याचा असा पहाराच नव्हता, तो आपणच तपासायचा होता. चौथ्या पानावर एस्क्रोमध्ये काय धरले आहे आणि काय धरलेले नाही, ते स्पष्ट लिहिलेले असते. पाचव्या पानावर तीस वर्षांत एकूण किती भरणार तो आकडा येतो. आमचा नऊ लाख दहा हजार डॉलरच्या वर होता. पहिल्या हप्त्यातून मुद्दल फिटले ३६२ डॉलर, बाकी सगळे व्याज. मला त्याचे आश्चर्य नव्हते, मुलीला होते.

‘मॉर्गेज’ या शब्दाबद्दलही सांगते. बोलताना सगळे कर्जालाच मॉर्गेज म्हणतात. कागद मात्र दोन असतात. एक ‘नोट’, म्हणजे आपली वचनचिठ्ठी, जिच्यात फेडीचे वचन असते. दुसरा तारणाचा. न्यू जर्सीत त्या दुसऱ्या कागदाचे नाव मॉर्गेज, आणि हप्ते थकले तर सावकाराला कोर्टात जावे लागते. टेक्सासमध्ये त्याचे नाव ‘डीड ऑफ ट्रस्ट’. त्यात एक विश्वस्त नेमलेला असतो, आणि तो कोर्टाशिवाय घराचा लिलाव करू शकतो. राहत्या घराला थकबाकी भरण्यासाठी निदान वीस दिवस, मग लिलावाची एकवीस दिवसांची नोटीस, आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लिलाव. आपल्याकडे थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक साठ दिवसांची नोटीस देते, आणि तेही कर्जदारांना कडक वाटते. हप्ता अचानक दीड हजारांनी वाढतो तेव्हा ही मुदत डोक्यात असावी लागते. आमच्या मुलीचा एकही हप्ता चुकला नाही. त्यासाठी तिने सुट्टीतली भारतवारी रद्द केली.

‘पॉइंट’ हा आणखी एक शब्द. एक पॉइंट म्हणजे कर्जाचा एक टक्का, चार लाखांवर चार हजार डॉलर. ते आधी भरायचे आणि त्याच्या बदल्यात व्याजदर थोडा कमी मिळवायचा. आमच्या व्यवहारात ते बिल्डरने भरले होते, म्हणूनच दर साडेसहा मिळाला. मात्र त्यासाठी कर्ज त्यांच्याच कर्जसंस्थेकडून घ्यायचे होते. ते स्वस्त पडले की महाग, हे कळायला दुसऱ्या दोन संस्थांचे लोन एस्टिमेट शेजारी हवे होते. आम्ही एकच घेतले.

‘टायटल इन्शुरन्स’ बघून तर मी चकितच झाले. आपल्याकडे वकील तीस वर्षांचा सर्च काढतो, इंडेक्स टू म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा बघतो, आणि त्याच्या अहवालावर बँक विसंबते. पुढे वारस उगवला तर घरमालक आणि त्याचे नशीब. तिकडे टायटल कंपनी काउंटीतले दस्त तपासते आणि मालकी स्वच्छ असल्याचा विमाच उतरवते. त्या विम्याचा हप्ता एकदाच भरायचा. पण विमे दोन असतात. एक कर्जसंस्थेचा, त्याने फक्त तिचे रक्षण होते. दुसरा मालकाचा, तो ऐच्छिक म्हणून दाखवतात आणि काही जण तिथे पैसे वाचवायला बघतात. माझे कळकळीचे सांगणे आहे की तो सोडू नये. टेक्सासमध्ये त्याचे दर राज्याचा विमा विभाग ठरवतो, त्यामुळे घासाघीस करण्यात अर्थ नाही. शिवाय तिथे क्लोजिंग डिस्क्लोजरवर या दोन विम्यांची रक्कम संघीय नियमाप्रमाणे वेगळ्या रीतीने विभागून दिसते, म्हणून खरे आकडे दाखवणारा ‘टी-६४’ नावाचा स्वतंत्र कागद देतात. दोन कागदांवर दोन आकडे बघून आम्ही घाबरलो होतो. तेवढी एकच गोष्ट आम्ही विचारली, आणि त्या एस्क्रो ऑफिसर बाईंनी अर्धा तास बसून नीट समजावली. बाकीचेही त्यांनी सांगितले असते.

पहिला हप्ता १ ऑक्टोबरला होता. सप्टेंबरचा हप्ता नाही म्हणून मुलगी खूश झाली. प्रत्यक्षात तिकडे व्याज मागच्या महिन्याचे भरतात. ऑगस्टच्या उरलेल्या सात दिवसांचे सुमारे पाचशे डॉलर व्याज क्लोजिंगलाच घेतले होते, आणि सप्टेंबरचे ऑक्टोबरच्या हप्त्यात होते.

आमची सुरुवातीची रक्कम घराच्या किमतीच्या वीस टक्के होती, म्हणून कर्जसंस्थेच्या सुरक्षेसाठीचा ‘पीएमआय’ हा विमा लागला नाही. ज्यांना लागतो त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, हप्ते वेळेवर भरलेले असतील तर कर्ज मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आल्यावर तो काढून टाका अशी लेखी मागणी करता येते. मागणी न केल्यास तो ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे ७८ टक्क्यांवर आपोआप थांबतो. १९९८ चा कायदा आहे. मधले महिने उगाच भरू नयेत.

आता इथून पैसे पाठवणाऱ्यांविषयी. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. एप्रिल २०२५ पासून वर्षात दहा लाख रुपयांपलीकडच्या अशा रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, वसूल करते. तो नंतर प्राप्तिकरात वळता होतो, परतावाही मिळतो, पण त्या घटकेला तेवढे पैसे जास्त उभे करावे लागतात. आमच्या एका शेजाऱ्यांची याच कारणाने ऐन वेळी धावपळ झाली. तिकडची कर्जसंस्था ‘गिफ्ट लेटर’ मागते: ही रक्कम भेट आहे, परत करायची नाही, असे आईवडिलांनी सहीनिशी लिहून द्यायचे. घरात ‘जमेल तसे परत दे’ असे ठरले असेल तर हे पत्र देऊ नये, सरळ कर्ज म्हणून दाखवावे. कर्ज मिळवण्यासाठी खोटे विधान करणे हा तिकडे संघीय गुन्हा आहे. परदेशी व्यक्तीकडून वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाली तर मुलांना तिकडच्या आयकर खात्याला ‘३५२०’ क्रमांकाच्या फॉर्मवर कळवावेही लागते. कर नसतो, पण कळवायचे असते.

आणि क्लोजिंगच्या आदल्या दिवशी ‘पैसे या नव्या खात्यात पाठवा’ असा ईमेल आला तर पाठवू नयेत. टायटल कंपनीचा पहिल्या भेटीत मिळालेला फोन नंबर लावून खाते क्रमांक तोंडी पडताळावा. चोर खऱ्या ईमेलच्या साखळीत शिरून हुबेहूब पत्र लिहितात, आणि गेलेली रक्कम बहुधा परत येत नाही.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने न्यू जर्सीत एडिसनला जुने घर घेतले. तिथे दलालाने तयार केलेल्या करारावर सह्या झाल्या की वकिलाकडून तपासून घ्यायला तीन कामकाजी दिवस मिळतात. त्या मुदतीत वकील करार नामंजूर करू शकतो. भाच्याने वकील केला. पाच पाने आली त्याच दिवशी त्याने मला पीडीएफ पाठवली आणि आम्ही व्हिडिओ कॉलवर दोन तास बसलो. जुने घर असल्याने कराचे पूर्ण बिल हातात होते. एस्क्रोतला आकडा त्याच्याशी जुळवला. विम्याचा एक खर्च अंदाजापेक्षा बराच जास्त दिसला, म्हणून त्याने फोन केला. जुन्या छपराचे वय चुकीचे नोंदले गेले होते. दुरुस्त करून घेतले, क्लोजिंग ठरल्या दिवशी झाले.

माझी आपल्याला एक विनंती आहे. या पाच पानांचा कोरा नमुना त्या संघीय संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट मिळतो. तो आपल्या पुरवणीत एका पूर्ण पानावर, प्रत्येक रकान्याशेजारी मराठीत अर्थ लिहून, छापावा. मी माझ्या प्रतीच्या समासात असे अर्थ पेन्सिलीने लिहिले आहेत. तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचे असतील तर प्रत घेऊन आपल्या नाशिक कार्यालयात कोणत्याही दिवशी येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी, नाशिक